मार्चची बिअर मुंबईत आषाढात

बिअरचा इतिहास निघाला की १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता कायद्याचं नाव हमखास येतं: पाणी, जव आणि हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), बाकी काही नको. माझ्या मते चवीवर त्याहून खोल ठसा उमटवला तो १५५३ च्या नियमानं. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात बिअर बनवायची, उन्हाळ्यात नाही. यीस्ट (साखरेचं मद्य करणारा सूक्ष्मजीव) म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उन्हाळ्यातली बिअर आंबट होते हे सगळ्यांना कळत होतं. थंडीतच काम चालल्यामुळे थंडीत टिकणारं, तळाशी बसणारं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं. तेच लागरचं, म्हणजे थंडीत आंबवून थंडीतच मुरवलेल्या बिअरचं यीस्ट.

बंदी सुरू होण्याआधीची, मार्चमधली बिअर थोडी कडक करत, हॉप्स जास्त घालत आणि हिवाळ्यात साठवलेल्या बर्फासोबत तळघरात ठेवत. ती शरदापर्यंत पुरवायची. म्हणून तिचं नाव मेर्त्सन, म्हणजे मार्चची. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचं शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत आलं आणि ऋतूची सक्ती सुटली.

मुंबईत तळघरही नाही आणि जानेवारीची थंडीही लागरला पुरत नाही. इथं थंडी म्हणजे ग्लायकॉल चिलर (न गोठणारं गार द्रव फिरवून टाकी थंड करणारं यंत्र) आणि विजेचं बिल. पहिली अडचण उकळलेला वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, थंड करताना येते. पाण्यावर चालणारा प्लेट चिलर वर्टला नळाच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंश वरपर्यंतच आणू शकतो. मे महिन्यात टाकीतलं पाणीच ३० अंशांवर असतं, मग लागरसाठी हवे असलेले ९-१० अंश कुठून येणार? दुसरा टप्पा ग्लायकॉलचाच लावावा लागतो. यीस्ट ऊबदार वर्टमध्ये टाकून नंतर टाकी थंड करू नका. पहिल्या दोन दिवसांतच फळांचे वास धरतात आणि ते पुढं जात नाहीत.

पुढचं वेळापत्रक असं: १०-१२ अंशांवर साधारण ८-१० दिवस. तीन चतुर्थांश साखर संपली की १६-१८ अंशांवर दोन-तीन दिवस, म्हणजे यीस्ट डायअसेटिल पचवतं. हा टप्पा गाळला तर बिअरला लोण्याचा वास राहतो. मग रोज एक-दोन अंश उतरवत शून्य ते दोनवर, आणि तिथं सहा आठवडे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात बारच्या नळावर यायची मेर्त्सन म्हणून जुलैच्या मध्याला, आषाढात लावावी लागते. मला हा हिशोब मुंबईला शोभणारा वाटतो. गटारी झाली की श्रावणात बरेच जण पीत नाहीत. टाकी अडवून ठेवायला हाच काळ परवडतो.

पण पावसाळा माल्टचा शत्रू. भरडलेलं माल्ट एका रात्रीत सादळतं. सादळलेल्या माल्टच्या वजनात पाणी मोजलं जातं, त्यामुळे तेवढ्याच किलोत साखर कमी उतरते. लागेल तेवढंच त्याच दिवशी भरडा, गोणी जमिनीपासून वर आणि तोंड बंद ठेवा, पोरकिड्यांसाठी दर आठवड्याला तपासा.

उष्णतेशी झगडायचं नसेल, तर बेल्जियमच्या वालोनिया भागातली सेझॉन घ्या. शेतावर हिवाळ्यात बनवून उन्हाळ्यात मजुरांना द्यायची ही बिअर, आणि तिचं यीस्ट ३० अंशांवर खुलतं. १०० लिटरला २२ किलो पिल्सनर (फिकट) माल्ट, ३ किलो गव्हाचं माल्ट. ६४-६५ अंशांवर ७५ ते ९० मिनिटं मॅश (भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवणं), पीएच ५.२ ते ५.६. उकळ ९० मिनिटं आणि झाकण उघडं, नाहीतर पिल्सनर माल्टमधला उकडलेल्या मक्यासारखा वास आत अडकतो. ५ टक्के अल्फा आम्लाचे (कडूपणा यातून येतो) २२५ ग्रॅम हॉप्स शेवटच्या ६० मिनिटांसाठी. सुरुवातीची घनता १.०५२ च्या आसपास येते (पाण्याची १.०००, साखर जास्त तितकी घनता जास्त). (ही मापं परवानाधारक मायक्रोब्रुअरीसाठी आहेत, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही.)

पाणी आधी कार्बन फिल्टरमधून काढा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बिअरला दवाखान्यातल्या औषधाचा वास येतो, आणि तो कशानंही जात नाही.

यीस्ट २२-२४ अंशांवर टाका आणि मग तापमान आपोआप ३०-३२ पर्यंत चढू द्या. सुरुवातच ३० वर केली तर थिनरसारखा वास येतो. उलट एसीच्या खोलीत टाकी गार पडली तर यीस्ट १.०३५ च्या आसपास अडून बसतं. अशा वेळी आणखी यीस्ट ओतण्याआधी टाकी गरम करा. तीन दिवसांच्या अंतरानं घनता दोनदा तीच आली, १.००२ ते १.००६ च्या दरम्यान, तरच पॅक करा. घाई केली तर बाटल्या फुटतात.

सेझॉनचं यीस्ट बहुतेक वेळा डायस्टॅटिकस जातीचं असतं. इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिन्स (स्टार्चचे लहान तुकडे) ही ते खातं. पाइपमध्ये किंवा गॅस्केटच्या खाचेत थोडं जरी राहिलं, तर पुढच्या लागरच्या केगमध्ये (पिंपात) महिन्याभरानं गॅस वाढतो आणि बिअर पातळ लागते. सेझॉनचे पाइप आणि गॅस्केट वेगळ्या रंगाचे ठेवा, आणि टाकी गरम कॉस्टिक सोड्यानं धुताना व्हॉल्व्ह सुटा करून धुवा.