तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ हवाच का सोडत नाही?

“मिथेन अर्धवटच जाळायचा आहे आणि ऑक्सिजनही हवेतलाच घ्यायचा आहे, तर मध्ये धातूच्या ऑक्साइडची भुकटी कशाला?” सिन्गॅसबद्दल, म्हणजे मिथेन असा अर्धवट जाळून मिळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणाबद्दल, बोलणे निघाले की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि तो रास्तच आहे.

अडचण नायट्रोजनची आहे. एक घनमीटर मिथेनला लागणारा अर्धा घनमीटर ऑक्सिजन हवेतून दिला, तर त्याच्यासोबत सुमारे १.९ घनमीटर नायट्रोजन येतो आणि सिन्गॅसपासून मिथेनॉल बनवण्यासाठी वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरपर्यंत त्याचे ओझे वाहावे लागते. (अमोनियाच्या कारखान्यात मात्र नायट्रोजन लागतोच, म्हणून तिथे सेकंडरी रिफॉर्मरमध्ये, म्हणजे उरलेल्या मिथेनचा सिन्गॅस करणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या भट्टीत, मुद्दाम हवा सोडतात.) शुद्ध ऑक्सिजन हवा असेल, तर हवा थंड करून उणे १८० अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि तो खर्च मोठा आहे.

ऑक्साइडचा दाणा एका पात्रात हवेतून ऑक्सिजन उचलतो, नायट्रोजन बाहेरच ठेवतो आणि दुसऱ्या पात्रात तो ऑक्सिजन मिथेनला देतो. एमआयटीतील लुईस आणि गिलिलंड यांनी १९४९ मध्येच तरंगत्या थरातील (खालून सोडलेल्या वायूने उचलून धरलेल्या दाण्यांच्या थरातील) कॉपर ऑक्साइड आणि मिथेन यांच्या अभिक्रियेवर सहकाऱ्यासह लेख प्रसिद्ध केला होता. असा थर मी प्रथम काचेच्या नळीत पाहिला. खालून हवा हळूहळू वाढवत नेली, तसा वाळूसारखा निपचित पडलेला थर किंचित उचलला गेला आणि मग पिठले रटरटावे तसे त्यात बुडबुडे फुटू लागले. लाकडाचा तुकडा वर तरंगला, लोखंडी नट बुडाला. द्रवासारखे वाहणारे हे दाणे दोन पात्रांमध्ये अखंड फिरवता येतात, आणि ते उष्णताही वाहून नेतात: निकेल ऑक्साइडकडून ऑक्सिजन घेऊन सिन्गॅस बनताना मिथेनच्या प्रत्येक मोलमागे सुमारे २०४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तर हवेच्या पात्रात त्याच निकेलचे पुन्हा ऑक्साइड होताना सुमारे २४० किलोज्यूल बाहेर पडते.

खरी कसोटी ऑक्सिजनच्या मापाची आहे. लोहाचा ताजा तांबूस दाणा इतक्या सढळपणे ऑक्सिजन देतो की मिथेन पुरता जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. उलट दाणा फार रिता झाला, तर त्याच्यावर कार्बन साचतो, हवेच्या पात्रात जळून जातो आणि तेवढा मिथेन वाया जातो. दाणे एकमेकांवर घासून झिजतात आणि त्यांची बारीक धूळ सायक्लोनमधूनही, म्हणजे वायू गरगर फिरवून दाणे वेगळे करणाऱ्या पात्रातूनही, निसटते. निकेलची धूळ विषारी असल्यामुळे, मिथेनशी लोह अधिक मंदपणे अभिक्रिया करत असले, तरी मी लोहाच्याच बाजूने आहे.