जिल्हा परिषदेच्या उमेदवाराकडं माझी एक मागणी

निवडणूक लागली की गंगाखेडच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात सगळ्याच पक्षांची माणसं येऊन बसतात. पत्रकं, बॅनर, गाडीला लावायचे स्टिकर. "ताई, साहेबांचा फोटो जरा मोठा घ्या, चिन्ह वर घ्या." यंदा काम झालं की मी प्रत्येकाच्या हातात एक कागद देते. पक्ष कुठलाही असो, कागद तोच. निवडून आल्यावर जिल्हा परिषदेत मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडीन, एवढं त्यात लिहिलंय आणि खाली सहीला जागा सोडलीय.

2022 च्या मार्चपासून आमच्या परभणी जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. निवडून आलेला सदस्यच नव्हता, तर मागायचं कुणाला? आता गटागटातून माणसं दारात येतायत. मागायची वेळ हीच आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे मी त्यांना असं सांगते: जे कुणीही कशासाठीही वापरावं, आतून कसं चालतं ते उघडून बघावं, लागेल तसं बदलावं आणि शेजाऱ्याला द्यावं, आणि यातलं काहीही बेकायदा नाही. 1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त संगणक प्रणाली बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तिथून ही चळवळ सुरू झाली. मग मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवते. तुमचं पत्रक इंकस्केपमध्ये केलंय. फोटो गिंपमध्ये साफ केलाय. अक्षर आहे ते 'मुक्ता', मुंबईच्या एक टाइपनं केलेलं, कुणालाही वापरायला खुलं. चोरीच्या सॉफ्टवेअरची एकही प्रत माझ्या दुकानात नाही. हे दाखवल्यावर माणूस खुर्ची पुढं ओढतो.

उमेदवाराला असं विचारण्याची कल्पना माझी नाही. फ्रान्समध्ये एप्रिल नावाची संघटना आहे. 2007 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिनं उमेदवारांसमोर या विषयाचे प्रश्न ठेवले, पुढं करारनामा करून सह्या मागितल्या. युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं 2017 पासून मागणी लावून धरलीय की जनतेच्या पैशातून बनलेल्या सॉफ्टवेअरचा कोड जनतेला खुला असावा. तिकडं संसदेच्या उमेदवाराला विचारतात. मी जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला विचारते, कारण आमच्या लेकरांच्या शाळा त्याच्या हातात असतात.

"ताई, लोक रस्ता विचारतात, पाणी विचारतात, सोयाबीनचा भाव विचारतात. हे कोण विचारतंय?" एका जुन्या कार्यकर्त्यानं मला असं म्हटलं. मी म्हटलं, काका, मी विचारतेय की. आणि भाव काही परिषदेच्या हातात नाही, पण शाळेतला संगणक आहे. शिक्षण समिती परिषदेची, सेस फंड म्हणजे परिषदेचा स्वतःचा निधी तिच्याच हातात, आणि खरेदीचा विषय सर्वसाधारण सभेत येतो तेव्हा हात वर करणारा सदस्यच असतो. त्या दिवशी एकानं जरी उठून विचारलं, "यात मुक्त सॉफ्टवेअर का घेतलं नाही?", तरी ते इतिवृत्तात लिहावं लागतं.

शाळांचं बघा. तालुक्यातल्या कितीतरी शाळा गावानं लोकवर्गणी करून डिजिटल केल्या. बाया-माणसांनी मजुरीतले पैसे दिलेत. आता 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. वर्गणीतून घेतलेले जुने संगणक त्यात कुठं बसणार? यंत्र धडधाकट आहे आणि तरी त्याला भंगारात काढायचं, हे मला सहन होत नाही. त्याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली टाकली की ते चालतं. माझ्या संगणक क्लासची पोरं अशाच यंत्रांवर शिकतात, चार जीबी रॅमवर. पत्रं, तक्ते करायच्या लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत लावून देते. ज्या पोरीनं घरी कधी संगणक पाहिला नाही, ती मराठी मेनू वाचून स्वतः फाइल जतन करते.

फॉन्टचा त्रास तर रोजचाच. एखाद्या ग्रामपंचायतीचा माणूस पेन ड्राइव्ह घेऊन येतो, फाइल उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा. जुन्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. त्यात आत साठतात ती रोमन अक्षरं, फॉन्ट फक्त वरून मराठी दाखवतो. तो फॉन्ट नसला की गावाचा ठराव वाचता येत नाही. ग्रामसभेत लोकांनी हात वर करून मंजूर केलेला ठराव! म्हणून माझ्या कागदावर दुसरं वाक्य आहे: परिषदेचं प्रत्येक कागदपत्र युनिकोडमध्ये, म्हणजे आत मराठी अक्षरंच साठतील असं, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला उघडता येईल अशा खुल्या फाइल-स्वरूपात ठेवावं. यासाठी नवा कायदा नको. ई-प्रशासनातल्या खुल्या मानकांचं धोरण केंद्रानं 2010 मध्येच आणलंय. 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचंही आणलं. निविदेत पुरवठादारानं मुक्त पर्यायाचा विचार करावा, आणि तो घ्यायचा नसेल तर कारण द्यावं, असं त्यात आहे. राज्यांनी ते स्वीकारायचं की नाही हे राज्यांवर सोडलंय. म्हणूनच खालून, जिल्ह्यातून रेटा हवा.

सगळ्यात चांगला प्रश्न विचारला तो एका बाईनं. महिला राखीव गटातून उभ्या आहेत. दुकानात त्यांचे यजमान बोलत होते, कागदही त्यांनीच घ्यायला हात पुढं केला. मी तो बाईंच्या हातात दिला. त्यांनी सगळा वाचला, ओळीवर बोट ठेवून, आणि म्हणाल्या, "हे बिघडलं तर दुरुस्त कोण करनार? आमच्या गावाला येतंय कोण?"

दुसऱ्या कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं. मी त्यांना केरळचं सांगितलं. तिथं 2001 च्या सुमारास आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढं सरकारी शाळा लिनक्सवर आल्या, आणि 2017 पासून तेच काम काइट ही सरकारी कंपनी बघते. त्यांनी शाळांसाठी स्वतःची प्रणाली जुळवली, त्यात मल्याळम आणलं, आणि मुख्य म्हणजे शिक्षकांना शिकवलं. लायसन्सचा पैसा वाचतो तो माणूस तयार करण्यावर लावायचा. आपल्याकडं आयटीआय झालेली पोरं पुण्याला जाऊन बारा तासांची ड्यूटी करतात. तालुक्याला दोघं जरी या कामावर ठेवले, तर फोन केल्यावर त्याच दिवशी शाळेत माणूस पोचेल. सॉफ्टवेअर उघडं असल्यामुळं ते शिकायला, दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. बंद सॉफ्टवेअर बिघडलं तर गंगाखेडात बसून कुणी काही करू शकत नाही.

बाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. सही केली नाही. म्हणाल्या, "आधी माणसाची सोय लिहा त्यात, मग करते." मला ते पटलं. रात्रीच तिसरं वाक्य घातलं: प्रत्येक तालुक्यात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रशिक्षित माणूस नेमावा, त्यासाठी सेस फंडात तरतूद मागावी. उद्या त्यांच्या गावाला जाणाऱ्या टमटमवाल्याकडं नवा कागद देतेय.

आतापर्यंत काहींनी सही दिलीय, काहींनी "बघू ताई" म्हणून खिशात घातलाय. ज्यांनी दिलीय त्यांच्या प्रती मी जपून ठेवल्यात. पडलेल्यांच्याही ठेवणार, ते पंचायत समितीत, बाजार समितीत पुन्हा उभे राहतात.

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या कुणाला आपल्या गटात हे करायचं असेल तर कागदाची फाइल ओडीटी या खुल्या स्वरूपात आहे, युनिकोडमध्ये. गटाचं नाव बदला, तुमच्या गावाची अडचण घाला आणि छापा. माझं नाव ठेवायची गरज नाही.