डोक्यावरून जाणारी तार
"तार आमच्या डोक्यावरून जाते, घरात येत नाही." झांबियातल्या सियावोंगाच्या बाजारात सुक्या कपेंटाचं, म्हणजे छोट्या माशांचं, माप भरता भरता आजी सहज बोलून गेल्या. दिवसभर तेच डोक्यात आहे.

झांबेझी नदीवरचं, वीज देणारं करिबा धरण १९५९ मध्ये पूर्ण झालं. पाणी चढताना अडकलेले प्राणी होड्यांतून वाचवले, त्याचं जगभर कौतुक झालं. पण सुमारे ५७ हजार टोंगा जमातीच्या माणसांना नदीकाठ सोडावा लागला. १९५८ मध्ये तर विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, आठ जण गेले. हे किती जणांना माहीत आहे?

२०२४ च्या दुष्काळात धरणाचं पाणी खाली गेलं, तेव्हा राजधानी लुसाकात आम्ही विजेवाचून हैराण झालो होतो. ज्यांची शेतं त्या पाण्याखाली आहेत, त्यांच्या घरात दिवा लागायला अजून किती वर्षं?