सेलांना नंबर घातले

गेल्या आठवड्यात रात्री लाईट गेली, आई बॅटरी घेऊन गोठ्याकडे निघाली आणि पाच मिनिटांत उजेड मंदावला. सेल आदल्याच दिवशी चार्ज केलेले. तीनपैकी एकच कमजोर होता, पण दिसायला सगळे सारखे, ओळखणार कसे? ती काळोखात चाचपडत परत आली, ते मनाला फार लागलं.

मग क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर घरातला एकेक सेल पूर्ण उतरवून पुन्हा भरला. 2000 एमएएच (सेलात किती वीज मावते त्याचं माप) छापलेल्या दोघांत जेमतेम 900 उरलेत! असा कमजोर सेल चांगल्यांच्या ओळीत बसला की आधी तो रिकामा होतो, मग बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्याचा दाब उलटा होतो आणि तो आणखी बिघडतो. म्हणून एकदा जमवलेली जोडी मोडायची नाही.

आज पडवीत बसून 22 सेलांवर क1, क2, ख1 असं लिहिलं, खाली खरेदीचा महिना. आधी कागदी पट्ट्या लावल्या होत्या. आमच्या हर्णैच्या खाऱ्या दमट हवेत त्या सुटल्या, शिवाय बॅटरीच्या नळीत अडकायच्या. आता थेट वेष्टनावर पक्क्या शाईचा मार्कर. वहीत प्रत्येकाची तारीख आणि मोजलेली क्षमता.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, ते विसरता येत नाही. पाऊस तोंडावर आलाय. आईच्या बॅटरीत आता ख1, ख2, ख3 आहेत, सगळ्यात भक्कम तिकडी.