नग क्रमांक १७

आमच्या बँडमध्ये आम्ही चौघं: एक गायिका, एक गिटारवाला, एक ड्रमर आणि बेसवर मी. मागच्या ऑक्टोबरात जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड मिळून अठरा दिवसांत दहा कार्यक्रम केले. सोबत मॅनेजर नाही, साउंडचा माणूस नाही, ड्रायव्हरही नाही. कामं वाटून घेताना व्हॅन चालवणं ड्रमरकडे आणि माझ्याकडे आलं, पैशांचा हिशेब गायिकेकडे गेला आणि कागदपत्रांची फाइल माझ्याकडे राहिली. त्या फाइलीत एटीए कार्ने होतं. वाद्यं घेऊन परदेशी निघणाऱ्या छोट्या बँडला याची माहिती सहसा उशिरा मिळते, आम्हालाही उशिराच मिळाली, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

आपण ही वाद्यं विकायला नाही तर वाजवायला नेतोय आणि सगळी परत आणणार आहोत, याची कस्टम्सला हमी देणारं पुस्तक म्हणजे कार्ने. १९६१ साली ब्रुसेल्सला झालेल्या करारातून ही पद्धत आली. हे पुस्तक जवळ असलं की प्रत्येक देशाच्या कस्टम्समध्ये ड्युटी किंवा अनामत भरत बसावं लागत नाही. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. त्यासाठी आपल्याच देशात वाद्यांच्या किमतीच्या प्रमाणात हमी ठेवावी लागते, आणि एखादी वस्तू परत बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाची ड्युटी त्या हमीतून वसूल होऊ शकते.

यादी करायला तीन रात्री लागल्या. सगळ्या केसेस जमिनीवर उघडून ठेवल्या आणि एकेक नग उचलून त्याचं नाव, कंपनी, सीरियल नंबर, वजन, किंमत आणि तो कुठल्या देशात बनला ते लिहीत गेलो. स्नेअर ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटवलेला नंबर वाचायला हवेच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारावा लागला. गिटारचा आवाज बदलणाऱ्या दोन पेडल्सचे स्टिकर घासून पार गेले होते. त्यांचं वर्णन रंग आणि ओरखड्यांसकट लिहिलं. एकूण ३४ नग झाले. तारा, ड्रमच्या काठ्या, बॅटऱ्या या यादीत बसत नाहीत, कारण त्या वापरून संपतात. विकायचे टी-शर्टही बसत नाहीत, म्हणून ते आम्ही जर्मनीतच छापून घेतले. एकदा कार्ने तयार झालं की यादीत नवीन नग घालता येत नाही. ही ओळ मी वाचली होती. तिचा अर्थ पुढे कळला.

विमानात प्रत्येकाला २३ किलोची एक बॅग. त्यामुळे ड्रमरने फक्त ब्रेकेबल्स, म्हणजे प्रत्येक ड्रमर स्वतःचेच आणतो ते भाग घेतले: स्नेअर, सिंबल्स (झांजा) आणि पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, म्हणजे किकचं पेडल. बाकी ड्रम्स आणि अँप त्या त्या क्लबचे वापरायचे, हे महिनाभर आधी ईमेलवर ठरवून घेतलं होतं. गिटारच्या तारा थोड्या सैल केल्या. थंडीतून आलेली केस खोलीत आणल्या आणल्या उघडायची नाही, तासदोन तास तशीच ठेवायची, हा नियम गिटारवाल्याने आम्हा सगळ्यांकडून पाळून घेतला आणि ते बरंच झालं. फ्रँकफर्टला उतरल्यावर कस्टम्सला सामान दाखवायच्या लाल मार्गाने जाऊन पहिला शिक्का घेतला. वीस मिनिटांत झालं. मला वाटलं, हे सोपं आहे.

पुढचे दिवस सगळे एकाच साच्याचे होते. सकाळी दहाला निघायचं, चार-पाच तास गाडी, चारला लोड-इन (सामान क्लबमध्ये नेणं), पाचला साउंडचेक, मग तीन तास नुसती वाट, नऊला स्टेज, अकराला आवराआवर, बाराला खोलीवर. स्टेजवरचा वेळ सव्वा तास. बाकीचे पावणेतेवीस तास त्या सव्वा तासासाठी कसे वापरायचे हेच दौऱ्यात शिकावं लागतं. कोलोन आणि उट्रेख्तला आम्ही कार्यक्रम संपल्यावरही गप्पा मारत बसलो आणि ग्रोनिंगनला गायिकेचा आवाज वरच्या पट्टीत फाटला. दुसऱ्या दिवसापासून गाडीत ती अजिबात बोलत नसे. काही सांगायचं असलं तर वहीत लिहून वही पुढे करायची. आम्हीही तिच्याशी बोलणं बंद केलं, कारण कोणी बोललं की उत्तर द्यावंसं वाटतंच. गाडीचा हीटर कमी ठेवला, कोरड्या हवेने घसा बसतो म्हणून. हॅम्बुर्गला तिचा आवाज पूर्ण परत आला. तिथे शेवटचं गाणं ती गात असताना मी मागे उभा राहून वाजवत होतो आणि माझे डोळे भरून आले, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

रात्री गाडीत एकही वाद्य ठेवायचं नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसली तरी चौतीसच्या चौतीस नग वर जायचे. मी दारात यादी घेऊन उभा राहून मोजायचो. दमलेल्या माणसांना रात्री साडेबाराला मोजणी करायला लावणं वाईट वाटायचं, पण ते करावंच लागतं.

हॅम्बुर्गच्याच साउंडचेकला गिटारवाल्याचं डिले पेडल बंद पडलं. यादीत त्याचा क्रमांक १७. आमच्या निम्म्या गाण्यांची सुरुवात त्या पेडलवर आहे: तो एक ओळ वाजवतो आणि ती विरत विरत परत येत राहते. त्या रात्री कसंबसं निभावलं आणि बर्लिनला त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून तसंच दुसरं पेडल घेतलं. बंद पडलेलं पेडल तो तिथेच टाकून देणार होता.

"टाकू नकोस," मी म्हणालो. "ते परत न्यायलाच लागेल. यादीत आहे."

"अरे, पण ते मेलंय."

"मेलेलं असलं तरी मोजतात."

लाइपझिगहून फ्रायबुर्ग हा दौऱ्यातला सगळ्यात लांबचा टप्पा, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. तो रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे दिवसभर हायवेवरच्या पेट्रोल पंपांवरच काय ते मिळालं. रविवारी मोठे ट्रक रस्त्यावर नसतात, एवढी एक सोय. दर दोन तासांनी मी आणि ड्रमर जागा बदलत होतो. जो चालवत नसेल त्याने पुढे बसून जागं राहायचं, हे आम्ही ठरवून टाकलं होतं.

फ्रायबुर्गचा कार्यक्रम छान झाला. दुसऱ्या दिवशी झ्युरिकला जाताना बाझलजवळ सीमा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या खुल्या सीमांच्या गटात आहे, त्यामुळे माणसांचे पासपोर्ट सहसा कोणी बघत नाही. पण तो देश युरोपियन युनियनच्या कस्टम्समध्ये नाही, त्यामुळे सामानाला सीमा लागतेच. नेदरलँड्समधून जर्मनीत येताना कोणी थांबवलं नव्हतं, त्याची सवय लागली होती. मोटारींच्या रांगेतून आम्ही सरळ पुढे गेलो, रस्त्यांचा ४० फ्रँकचा स्टिकर घेतला (तो वर्षाचाच असतो, तुम्ही एका दिवसासाठी जात असलात तरी) आणि स्विस बाजूला कार्ने पुढे केलं.

अधिकाऱ्याने पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "जर्मनीतून बाहेर पडल्याचा शिक्का कुठे आहे?"

नव्हता. एका कार्यक्रमासाठी स्वित्झर्लंडला जायचं तर चार शिक्के लागतात: जाताना जर्मन बाजूला बाहेर पडल्याचा आणि स्विस बाजूला आत आल्याचा, येताना स्विस बाजूला बाहेर पडल्याचा आणि जर्मन बाजूला परत आत आल्याचा. आणि ते मोटारींच्या रांगेत मिळत नाहीत, मालवाहतुकीच्या कचेरीत मिळतात. हे मला माहीत असायला हवं होतं. गाडी वळवून परत जर्मन बाजूला गेलो आणि ट्रकच्या रांगेत लागलो. दीड तास. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची व्हॅन. गाडीत कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. गायिकेने वही पुढे केली, त्यात लिहिलं होतं, "लोड-इन साडेपाचला करून घेतलंय. फोन मी केला." म्हणजे तोंड उघडायचं नाही असा तिचा नेम, आणि माझ्यासाठी तिने तो मोडला होता.

जर्मन अधिकारी बाईंनी यादीवर बोट फिरवलं आणि तीन नग बघायला मागितले: ५, १७ आणि २९. पाच म्हणजे स्नेअर. एकोणतीस माझा बेस. आणि सतरा ते बंद पडलेलं पेडल. गिटारवाल्याने मोज्यात गुंडाळलेलं ते पेडल बॅगेच्या तळातून काढलं. बाईंनी ते उलटं करून नंबर यादीशी ताडून पाहिला आणि शिक्का मारला. ते चालतं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

नवीन पेडल यादीत नव्हतं आणि घालताही येणार नव्हतं. म्हणून टी-शर्टच्या खोक्यासोबत ते आम्ही सकाळीच फ्रायबुर्गच्या आयोजकांकडे ठेवून आलो होतो. एवढी एक गोष्ट मी नीट केली होती. पण त्याचा अर्थ असा, की झ्युरिकला डिले नाही.

क्लबमध्ये पोचलो तर आणखी एक अडचण. आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा जाड जर्मन प्लग स्विस सॉकेटमध्ये जात नाही. तिथल्या तीन भोकांची रचना वेगळी असते. तिथल्या साउंड इंजिनियरने हसून ड्रॉवरमधून अडॅप्टर काढून दिला. मग त्याने आवाजाचा मीटर दाखवला. स्वित्झर्लंडमध्ये तासाभराची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि ९३ च्या वर जाणार असाल तर प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे फुकट द्यावे लागतात. दारातच टोपली ठेवली होती. त्या लहान खोलीत नुसत्या स्नेअरनेच आकडा चढत होता. ड्रमरने काठ्या ठेवल्या, ब्रश काढले आणि स्नेअरवर एक रुमाल पसरला. मला हा नियम पूर्णपणे पटला. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांवर आवाज चढवत वाजवत आलो होतो. त्या रात्री मला पहिल्यांदा ड्रमरच्या डाव्या हाताचे बारीक ठोके ऐकू आले आणि मी माझे निम्मे स्वर गाळले.

डिलेच्या जागी गायिकेने वाट काढली. गिटारवाल्याने ओळ एकदा वाजवली, की ती तीच ओळ तोंड मिटून गुणगुणायची, प्रत्येक वेळी आणखी हळू, मीटरवर काटा हलेनासा होईपर्यंत. साउंडचेकच्या वीस मिनिटांत बसवलेली गोष्ट. कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला खोलीत इतकी शांतता झाली, की बारमागच्या फ्रीजचा आवाज येत होता. आता नवीन पेडल असूनही ते गाणं आम्ही तसंच करतो.

पैशांचं थोडक्यात. जर्मनीत बाहेरून आलेल्या कलाकाराच्या मानधनातून आयोजक कर कापतात, अधिभारासकट १५.८२५ टक्के. पण एका कलाकाराला एका कार्यक्रमाचे २५० युरोपर्यंत मिळत असतील तर कापत नाहीत. आमचं मानधन चौघांत वाटलं की त्याच्या आतच बसायचं, म्हणून करारात चौघांची नावं वेगवेगळी लिहून घेतली. स्वतःची गाणी असतील तर प्रत्येक क्लबला गाण्यांची यादी लिहून द्या, गाण्यांचे हक्काचे पैसे त्यावरून मिळतात. दौऱ्यातून खर्च निघाला. त्याहून जास्त काही उरलं नाही, आणि आम्हाला त्याची कल्पना होती.

परतीच्या वेळी ट्रकच्या रांगेतूनच गेलो, चारही शिक्के पूर्ण केले, फ्रायबुर्गहून खोकं उचललं. श्टुटगार्टचा शेवटचा कार्यक्रम करून फ्रँकफर्टला विमानतळावर चार तास आधी पोचलो, कारण बॅगा चेक-इन करण्याआधी कस्टम्सला वाद्यं दाखवावी लागतात; बॅग पट्ट्यावर गेली की दाखवायला काहीच उरत नाही. तिथे कोणी एकही केस उघडायला सांगितलं नाही. घरी उतरल्यावर मात्र अधिकाऱ्यांनी सगळे चौतीस नग टेबलावर मांडून घेतले. अर्धा तास लागला. शेवटच्या पिवळ्या पानावर शिक्का बसला तेव्हा ड्रमर टेबलाला टेकून उभ्या उभ्या झोपला होता.

नग क्रमांक १७ दुरुस्त झालेलं नाही. आतली चिप गेलीये आणि ती आता मिळत नाही. गिटारवाल्याने ते तालमीच्या खोलीत शेल्फावर ठेवलंय, मोज्यासकट. पुढच्या दौऱ्याची यादी मी टाइप करायला घेतली आहे. या वेळी २९ नग.