चंद्रीच्या कुशीवरची खूण

डिसेंबरात एका सकाळी खोगीर उतरवताना चंद्री घोडीच्या उजव्या कुशीवर रुपयाएवढी जागा दिसली. तिथले केस घासून गेले होते. पोटात कालवलं. स्पर्स, म्हणजे बुटाच्या टाचेला बांधायची पोलादी एड, लावायला लागून दहाच दिवस झाले होते. दुडकीत माझी उजवी टाच वर चढायची आणि दर उठबशीला तिला घासायची.

शिकवणारे काका फौजेतले निवृत्त दफेदार. एवढंच म्हणाले, "ताई, पहिले पाय थांबव, मंग टाच लाव."

मग दोन महिने स्पर्स पेटीत आणि मी रिकिबीशिवाय. नागपूरच्या थंडीत पहाटे मांड्या भरून यायच्या, पण पाय हळूहळू जागच्या जागी राहायला लागला.

जुन्या जोडीला फिरती चकती होती, ती मी कायमची बाजूला ठेवली. नवी 'प्रिन्स ऑफ वेल्स' घेतली: अर्ध्या इंचाची मान (टाचेमागे निघणारा दांडा), टोक सपाट आणि बोथट. मान खाली वळलेली हवी, बकल पायाच्या बाहेरच्या बाजूला. अंगावर माशी बसली तरी घोड्याला कळतं, कातडी थरथरवून तो ती उडवतो. अशा कातडीला पोलाद लावायचं, म्हणून आधी पोटरीचा दाब. त्याला उत्तर नाहीच आलं तर टाच किंचित आत वळवून एक स्पर्श, आणि तिने पाऊल उचललं की त्याच क्षणी पाय सैल. हे सैल सोडणं मला सगळ्यात उशिरा जमलं.

आज साडेपाचलाच निघालो, ऊन चढायच्या आत. चंद्री नुसत्या पोटरीवर दुडकीत गेली. त्या जागेवर केस परत आलेत, जरा गडद.