३५ अंशांनी काढलेला घाम

कोंबडीची एकदिवसीय पिल्लं आणायची म्हटलं की जो तो एकच आकडा ऐकवतो: ३५. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, असं करत २१ पर्यंत उतरायचं. आकडा बरोबरच आहे. पण हे ३५ मोजायचे कुठे? गादीलगत, म्हणजे खाली अंथरलेल्या थरालगत, की वर हवेत, दिव्याच्या खाली की कडेला? हे विचारलं की समोरचा माणूस पुन्हा ३५च म्हणतो. माझा सगळा वैताग या एका प्रश्नात अडकला होता, म्हणून लिहायला बसले.

बाकीचा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवायची जागा, भराभर उभा राहिला. चौकोनी खोका नको, एवढं पक्कं होतं. थंडी वाजली किंवा दचकली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून दीड फूट उंचीच्या लवचिक पत्र्याचं गोल रिंगण केलं, म्हणजे चिक गार्ड. जागेचा हिशेब सुरुवातीला पिल्लामागे अर्धा चौरस फूट आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास एक चौरस फूट. माझी पिल्लं २५. त्यांना साडेबारा चौरस फूट, म्हणजे ४ फूट व्यासाचं वर्तुळ पुरतं. पण पत्रा तेवढाच आणलात तर महिन्याभरात पुन्हा खरेदी. ६ फूट व्यासाला जेमतेम १९ फूट पत्रा लागतो, तेव्हा एकदम २० फुटांची पट्टी घ्यावी, टोकं एकमेकांवर सरकवून क्लिपांनी आवळावी आणि पिल्लं वाढतील तशी सैल सोडत जावी. ही युक्ती मला कुणी सांगितलेली नाही, त्यामुळे थोडी फुशारकी मारून घेते.

खाली दोन-तीन इंच लाकडाच्या ढलप्या घातल्या. बारीक भुसा नको, पिल्लं तो खाद्य समजून टिपतात. वर पहिले काही दिवस गोणपाट अंथरलं. वर्तमानपत्र मात्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि कधीकधी तसेच राहतात.

आता माझं घोडं अडलं ती जागा. पिल्लं यायच्या निदान २४ तास आधी ब्रूडर चालू करून ऊब स्थिरावलेली बघावी लागते. मी त्याच्याही बरंच आधी चालू केला, कारण मनात धाकधूक होतीच. २५० वॅटचा तांबडा इन्फ्रारेड दिवा रिंगणाच्या मधोमध, गादीपासून दीड फुटावर टांगला. (साधा एलईडी लावून भागत नाही, त्याच्यापासून उजेड मिळतो, ऊब नाही.) सोबत थर्मोस्टॅट जोडला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला दिवा आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. त्याच्या माहितीपत्रकात याबद्दल एकच ओळ होती: सेन्सर योग्य ठिकाणी लावावा. वा! योग्य ठिकाण कोणतं ते समजत असतं तर पत्रक वाचायला कोण बसलं असतं?

सेन्सर वर, दिव्याजवळ लावला तर दिवा लागायचा आणि थोड्याच वेळात टक्कन बंद व्हायचा. खाली गादी गारच. खाली आणून झोतात ठेवला तरी तेच. कडेला पत्र्याशी नेऊन ठेवला तर दिवा विझायचं नाव घेईना आणि मध्यभागी हात धरवेना. खात्रीसाठी दोन थर्मामीटर ठेवले, त्यांचं आपसात पटेना. जरा हलवला की आकडा वेगळा. विक्रेत्याला फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, ३५वर सेट करा ना." पुन्हा केला, तर म्हणे यंत्रात दोष नाही, तुमचं तुम्ही बघा. ओळखीतल्या एका अनुभवी माणसाने सांगितलं वॅट वाढवा, दुसऱ्याने सांगितलं कमी करा. इकडे हॅचरीची, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्यांची, तारीख ठरलेली, ती काही माझ्या सेन्सरसाठी थांबणार नव्हती. रात्री झोपेतून उठून आकडे बघत होते आणि घरचे मला बघत होते.

उलगडा झाला तो त्या दिव्याचं काम कसं चालतं हे नीट वाचल्यावर. इन्फ्रारेड दिवा हवा फारशी तापवत नाही, ज्याच्यावर झोत पडेल ती वस्तू तापवतो. थर्मामीटरची काळी प्लास्टिकची डबी झोतात ठेवली की ती स्वतःच तापते आणि आपलाच ताप आपल्याला सांगते. शिवाय रिंगणभर एकच तापमान असायलाच नको. कोंबडीच्या पंखाखाली शिरलेलं पिल्लू उकडलं की बाहेर पडतं, गारठलं की परत आत जातं. ब्रूडरमध्येही त्याला तेवढीच मोकळीक हवी. ४ फुटांच्या रिंगणात मधोमध २५० वॅट लावले की कडेपर्यंत सगळं तापतं आणि पळायला जागा उरत नाही. म्हणजे मोठी जागा ही चैन नाही, तापमान सांभाळायचं खरं साधन तेच आहे. हे एक वाक्य त्या पत्रकात छापायला काय हरकत होती?

मग थर्मोस्टॅट काढून ठेवला. रिंगण सैल करून ५ फुटांचं केलं, दिवा मधून एका बाजूला नेला. थर्मामीटर उजेडाच्या वर्तुळाच्या कडेला, गादीपासून दोन इंचांवर ठेवला, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. तिथे ३५ येईपर्यंत साखळीची एकेक कडी वरखाली केली. दुसरं टोक खोलीइतकंच गार राहिलं आणि दाणापाणी दोहोंच्या मध्ये, झोताच्या बाहेर मांडलं. आकडा ठरला आणि ढळला नाही. इतका आनंद मला कुठल्या परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

पिल्लं आल्यावर तर थर्मामीटरकडे बघणंही कमी झालं. ती दिव्याखाली गोळा होऊन जोरजोरात चिवचिवत असतील तर थंडी आहे, दिवा खाली घ्या. कडेला पत्र्याला चिकटून, चोच उघडी टाकून, पंख पसरून असतील तर उकाडा आहे, वर न्या. सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी वाऱ्याची झुळूक येते आहे, ती शोधून बंद करा. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर हात लावू नका.

दिव्याबद्दल आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. तो नुसत्या चिमट्यावर अडकवू नका. साखळीने टांगा आणि दुसरी साखळी वेगळ्या आधाराला बांधा. दिवा ढलप्यांवर पडला की आग लागते, यात अतिशयोक्ती नाही. तसंच फुटू नये म्हणून लेप दिलेले काही दिवे मिळतात. तो लेप टेफ्लॉनचा असेल तर तापल्यावर निघणाऱ्या वायूने पक्षी मरतात. वेष्टन वाचल्याशिवाय घेऊ नका. वीज गेली तर पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना मारेल आणि तुम्हालाही. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा आणि रिंगणावर चादर टाका, मात्र हवेला फट राहू द्या.

पिल्लं पोहोचली की आधी पाणी, मग दाणा. अंड्यातल्या बलकाचा उरलेला साठा पोटात असतो, त्यावर ती दोन-तीन दिवस तग धरतात, म्हणून तर त्यांना दूरवर पाठवता येतं. पण प्रवासाने तहानलेली असतात. प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात एकदा अलगद बुडवायची, पुढचं ती शिकतात. भांडं उथळ हवं आणि त्यात स्वच्छ गोटे टाकायचे, नाहीतर बुडतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांचा मागचा भाग रोज बघा. विष्ठा चिकटून सुकली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, ओढून नाही, कातडी निघते.

दुसऱ्या आठवड्यात ती उडून पत्र्यावर बसू लागतात, त्याआधी वर जाळी हवी. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, मांजर आणि मोठे उंदीर दोन्ही अडतात. षटकोनी भोकांची पातळ जाळी उंदीर कुरतडतो. ओली गादी रोज काढायची, नाहीतर रक्ती हगवणीला आमंत्रण. वास आपल्या उंचीवरून घेऊन उपयोग नाही, गुडघ्यावर बसून पिल्लांच्या उंचीला नाक न्या, अमोनिया तिथे झोंबतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंगभर पिसं आली की दिवा आधी दिवसा बंद करा, मग रात्री. आणि पिल्लं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचे तर नक्कीच. साल्मोनेला हा आजाराचा जंतू निरोगी दिसणाऱ्या पिल्लांतही असू शकतो.